न्युम्बानी, नैरोबी: वाढदिवसाचा केक नको, लिआ टोटोला पैसे द्या

नैरोबीत राहणाऱ्या किंवा कामानिमित्त इकडे येऊन-जाऊन असणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. आपल्यात दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच की मुलाचा पहिला वाढदिवस आहे, किंवा सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आहे, कुठल्या अनाथाश्रमात जेवण देऊ, आणि मग कुणीतरी न्युम्बानीचं नाव सुचवतं आणि पंधरा-वीस माणसं केक, चिप्स, फुगे घेऊन नैरोबीतल्या कॅरन भागात जाऊन येतात. संस्थेला माझे पाचपैकी पाच. पण आपण तिला ज्या पद्धतीने मदत करतो ती पद्धत मला पटत नाही, आणि हा रिव्ह्यू त्यासाठीच थोडा लांबणार आहे.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. न्युम्बानी चिल्ड्रन्स होम हे एचआयव्ही असलेल्या अनाथ मुलांचं घर, १९९२ मध्ये सुरू झालं. सुरू करणारे फादर अँजेलो डॅगोस्टिनो, जेझुइट या कॅथलिक संघाचे अमेरिकन, धर्मगुरू व्हायच्या आधी सर्जन आणि नंतर सायकियाट्रिस्ट असलेला माणूस, आणि त्यांच्याबरोबर पहिल्यापासून सिस्टर मेरी ओवेन्स, आयर्लंडच्या, लोरेटो या नन्सच्या संघातल्या. फादर २००६ च्या नोव्हेंबरात ऐंशीव्या वर्षी गेले आणि मग सिस्टरनी पुढे अनेक वर्षं हे सगळं चालवलं. आज न्युम्बानी म्हणजे एकच जागा नाही, तीन वेगवेगळी कामं आहेत, कॅरनमधलं होम, नैरोबीच्या झोपडपट्ट्यांतला, मुलांना त्यांच्या घरीच ठेवून सांभाळणारा लिआ टोटो नावाचा कार्यक्रम आणि किटुई या कोरड्या ग्रामीण भागातलं न्युम्बानी व्हिलेज. आपली माणसं फक्त पहिलं बघतात कारण ते शहरात आहे, रस्ता चांगला आहे, झाडी आहे, गाडी आतपर्यंत जाते.

होम बद्दल सांगते. मोठं हिरवंगार आवार, मधे मधे कॉटेज, प्रत्येक घरात वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र आणि त्यांना सांभाळणारी एक बाई, तिला मुलं मम म्हणतात. शंभरच्या वर मुलं आहेत, तान्ह्या बाळापासून कॉलेजला जाणाऱ्यांपर्यंत. स्वच्छता उत्तम, मुलं धीट, पाहुणे दिसले म्हणून धावत येऊन गळ्यात पडत नाहीत, आणि हे मी चांगलं लक्षण मानते, कारण जी मुलं कुणाही अनोळखी माणसाला येऊन चिकटतात त्यांना रोजचं माणूस मिळालेलं नसतं. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. यावर आपल्यातले काहीजण नाराज होतात, इतकं दिलं आणि एक फोटो नाही का, म्हणून. अहो, तो फोटो तुमच्या स्टेटसला गेला की त्या मुलाला एचआयव्ही आहे हे जगाला सांगून झालं, उद्या त्याच्या वर्गातल्या कुणाच्या आईने बघितलं तर?

आता थोडं मागचं, कारण त्याशिवाय हे काम किती अवघड होतं ते कळत नाही. नव्वदच्या दशकात आया बाळाला हॉस्पिटलमध्ये सोडून जायच्या किंवा मरून जायच्या, आणि बाळाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की दुसरे अनाथाश्रम त्याला घ्यायचेच नाहीत. पण ती टेस्ट अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूची नाही तर त्याच्याशी लढायला शरीर जे बनवतं त्याची, आणि आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणजे बाळाला लागण झालेलीच नसते तरी टेस्ट पॉझिटिव्ह येते. औषध नसतानासुद्धा आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के धरतात, म्हणजे त्या टाकून दिलेल्या बाळांमधली निम्म्याहून जास्त निरोगी होती! त्यांना कुणीतरी दीड वर्ष नीट खाऊपिऊ घालून वाट बघणं एवढंच हवं होतं, मग टेस्ट निगेटिव्ह आली की दत्तक जायचा मार्ग मोकळा. आणि ज्यांची खरंच पॉझिटिव्ह निघायची त्यांच्यासाठी तेव्हा द्यायला काही नव्हतं, त्यांना फक्त कुशीत घेऊन मरू द्यायचं. केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी, मोईंनी, एड्स ही राष्ट्रीय आपत्ती आहे असं जाहीर केलं ते १९९९ च्या शेवटी. त्याच्या सात वर्षं आधीपासून ही माणसं बाळं पुरत होती आणि पुढचं बाळ आत घेत होती. मला हे लिहितानासुद्धा जड जातं.

मी स्वतः औषधांच्या धंद्यात आहे, डिस्ट्रिब्यूशनमध्ये, म्हणून पुढचं जरा जास्तच मनापासून लिहिणार. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने, म्हणजे डॉ. युसुफ हमीद यांनी, एचआयव्हीच्या तीन औषधांचं एका माणसाचं वर्षभराचं कॉम्बिनेशन ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. तोवर तेच कंपन्यांच्या ब्रँडमध्ये वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरला होतं. त्याच सुमारास फादर डॅगोस्टिनोंनी उघड सांगितलं की आम्ही भारतातून जेनेरिक, म्हणजे तीच औषधं ब्रँडशिवाय स्वस्तात बनवलेली, मागवणार, पेटंटचं काय ते बघू. एका अनाथाश्रमाने मोठ्या कंपन्यांसमोर असं उभं राहणं ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती, आणि त्याच वर्षी केनियाच्या संसदेने कायदा करून अशा आयातीचा रस्ता मोकळा केला. मी दौंडकडची, कुरकुंभच्या एमआयडीसीत सिप्लाचा प्लांट आहे आणि आमच्या भागातली कितीतरी पोरं तिथे शिफ्ट करून आली, पण इथे नैरोबीत आल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की भारतातली गोळी नेमकी कुठे जाऊन पोचते. इथल्या एचआयव्ही क्लिनिकचं कपाट उघडा, सिप्ला, हेटेरो, ऑरोबिंदो, मॅक्लिओड्स, सगळे आपलेच डबे.

मुलांच्या औषधाची गोष्ट अजून वेगळी. मोठ्यांची गोळी मिळाली म्हणून मुलांचा प्रश्न सुटत नाही, वर्षानुवर्षं मोठ्यांच्या गोळ्या मोडून, चुरून, अंदाजाने दिल्या गेल्यात. एक सिरप होतं, लोपिनाविर-रिटोनाविर, चवीला भयंकर कडू, त्यात चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल, आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. आता पत्र्याच्या खोलीत कुठला फ्रिज? मुलं थुंकून टाकायची, आज्या रडायच्या. २०२० च्या शेवटी डोल्युटेग्राविरची लहान मुलांसाठीची पाण्यात विरघळणारी स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी जाहीर झाली, वर्षाला ३६ डॉलरच्या आसपास किंमत, बनवणाऱ्यांत मुंबईची मॅक्लिओड्स पण आहे, आणि केनिया ती आणणाऱ्या पहिल्या देशांमध्ये होता. चमचाभर पाण्यात विरघळते, मूल पिऊन टाकतं, संपलं. ज्याने आधीचं सिरप पाजायचा प्रकार बघितलाय त्यालाच हे काय आहे ते कळेल.

पण गोळी स्वस्त झाली, गोड झाली, तरी ती रोज, ठरल्या वेळी, वर्षानुवर्षं मुलाच्या पोटात गेली पाहिजे. सगळं काम इथेच आहे आणि म्हणूनच मला न्युम्बानीच्या तीन कामांमधलं सगळ्यात मोठं काम लिआ टोटो वाटतं. १९९८ मध्ये कांगेमीत सुरू झालं, मग कवांगवारे, किबेरा, कारियोबांगी, डंडोरा, मुकुरू असं पसरलं. यात मुलाला उचलून संस्थेत आणत नाहीत, मूल आपल्या आईकडे, आजीकडे, मावशीकडेच राहतं, आणि संस्था तिथे पोचते, क्लिनिक, औषध, तपासणी, समुपदेशन, खाण्याची मदत, आणि घरी येऊन बघणारी वस्तीतलीच माणसं. हजारो मुलांना यांनी असं सांभाळलंय, होममधली शंभर-सव्वाशे मुलं त्यापुढे थोडीच म्हणायची. (कांगेमी म्हणजे तेच जिथे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस आले होते, जेझुइटांचं चर्च आहे तिथे.)

मी एका हेल्थ वर्करबरोबर कवांगवारेत घरी गेलेय. एकच खोली, पत्रा, पडद्याने दोन भाग, आजी आणि दोन नातवंडं, आई गेलेली. मोठा औषधावर, धाकटीला लागण नाही. आजीने गोळ्यांची बाटली काढून दाखवली तर वर कापूस ठासलेला, कशाला तर हलवली की आवाज होतो आणि शेजारच्या खोलीत तो ऐकू जातो, भिंत कसली, पत्राच तो. कंपनीचं लेबल खरवडून टाकलेलं. मुलगा सात-आठ वर्षांचा, त्याला अजून आजाराचं नाव सांगितलेलं नाही, तुझ्या रक्तातल्या सैनिकांना झोपू द्यायचं नाही म्हणून गोळी, असं सांगितलंय, आणि ती हेल्थ वर्कर आजीला हळूहळू तयार करत होती की आता थोडं थोडं खरं सांगायला लागूया, कारण दहाव्या-अकराव्या वर्षी पोराला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तो चिडून औषध बंद करतो. हे बोलणं तासभर चाललं. मधे आजी दोनदा रडली, मधे तिने चहा केला, मधे शेजारीण डोकावली तेव्हा सगळ्यांनी विषय बदलला आणि पेजेच्या पिठाच्या, म्हणजे उजीच्या, भावावर बोलायला लागल्या. तासाभरात कुणीही कुणाला काही मोठं दिलं नाही, पण मला वाटतं त्या मुलाच्या पुढच्या दहा वर्षांचा निकाल असल्याच दुपारींमध्ये लागतो. या कामाचा फोटो निघत नाही. यावर कुणी केक कापत नाही. म्हणून याला पैसे कमी मिळतात.

आणि खाणं. रिकाम्या पोटी गोळी घेतली की बऱ्याच मुलांना मळमळतं, मग महिनाअखेरीला घरात ज्या दिवशी काही नसतं त्या दिवशी गोळी पण चुकते. अशी वारंवार चुकत गेली की विषाणूला औषधाची सवय होऊ शकते आणि मग स्वस्तातली पहिली लाइन, म्हणजे सुरुवातीला देतात ती औषधं, चालेनाशी होतात, महागडं औषध लागतं. म्हणजे पिठाची एक पिशवी न मिळणं हे मेडिकल प्रकरण आहे. हे मी आपल्या लोकांना सांगते तेव्हा त्यांना पटतं, मग मी म्हणते की तुम्ही एका दुपारी पिझ्झा आणि केकवर जेवढे शिलिंग उडवता तेवढ्यात एका घराचं किती दिवसांचं उजीचं पीठ आणि बीन्स येतील ते हिशोब करून बघा.

शाळेची गोष्ट पण सांगायलाच हवी. नैरोबीच्या सरकारी शाळा न्युम्बानीच्या मुलांना घ्यायला तयार नव्हत्या, मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर झालं तरी. हे लोक कोर्टात गेले आणि २००४ च्या जानेवारीत मुलांना प्रवेश मिळाला. आपल्याकडे लातूरजवळ हासेगावला सेवालय या एचआयव्ही असलेल्या मुलांच्या संस्थेतल्या मुलांच्या बाबतीत गावाने काय केलं होतं ते ज्यांना आठवतंय त्यांना हे वेगळं सांगायला नको, आपल्या मुलांना शाळेतून काढून घेणारे पालक लातुरातही तेच आणि नैरोबीतही तेच. पंढरपूरची अशाच मुलांसाठीची पालवी असो, सेवालय असो की न्युम्बानी, औषधाइतकीच ताकद यांना गावाशी, शाळेशी, सरकारशी भांडण्यात घालवावी लागलीय.

आता तो प्रश्न, जो आपल्यातला प्रत्येकजण विचारतो, कधी तोंडावर, कधी आडून. मिशनरी आहेत, धर्मांतर करतात का? माझं प्रामाणिक उत्तर असं. ही कॅथलिक संस्था आहे आणि ती ते लपवत नाही, प्रार्थना होते, मास, म्हणजे कॅथलिक उपासना, होतो, भिंतीवर क्रूस आहे. केनियात ऐंशी टक्क्यांच्या वर लोक आधीपासूनच ख्रिश्चन आहेत, तिथे धर्मांतरासाठी कुणाला एचआयव्हीच्या बाळांचं गू-मूत काढायची गरज नाही. मला स्वतःला चर्चच्या कंडोमविरोधी भूमिकेशी अजिबात जुळवून घेता येत नाही, आणि ही मुलं आता वयात येतात, प्रेमात पडतात, तेव्हा हा पुस्तकातला वाद राहत नाही. कुठल्याही कॅथलिक आरोग्य संस्थेला पैसे देताना हा प्रश्न जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण एक गोष्ट या सगळ्यात बदलली आहे. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला की शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता सिद्ध झालंय, आणि आई औषधावर असेल तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येतं. म्हणजे तिथे वाढलेल्या मुलीला स्वतःचं निरोगी मूल होऊ शकतं. नव्वद सालात हे कुणी सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

किटुईचं व्हिलेज हे मात्र एकदा तरी जाऊन बघाच. २००६ मध्ये सुरू झालं, हजार एकर जमीन, किटुईच्या कौन्सिलने दिलेली. कल्पना अशी की एड्सने मधली पिढीच नेली, म्हातारे राहिले आणि नातवंडं राहिली, तर त्यांना एकत्र घर द्या, एका घरात एक आजी किंवा आजोबा आणि साधारण दहा मुलं, काही स्वतःची नातवंडं, काही दुसऱ्यांची. पूर्ण भरलं की शंभर म्हातारी माणसं आणि हजार मुलं असा मूळ हिशोब. इथली बहुतेक मुलं पॉझिटिव्ह नाहीत, फक्त अनाथ आहेत, हा फरक लक्षात ठेवा कारण आपले लोक गल्लत करतात. शाळा आहे, हायस्कूल आहे, सुतारकाम-शिवण वगैरे शिकवणारी पॉलिटेक्निक आहे, भाजीपाला, जनावरं, मधमाश्या. भाग कोरडा ठणठणीत, लाल माती, बाभळीसारखी झाडं, आमच्या दौंड-बारामतीच्या जिरायती पट्ट्यातून गेल्यासारखंच वाटतं. नदीत बांध घालून वाळू अडवतात, वाळूत पाणी मुरून राहतं आणि उन्हाळ्यात ते काढतात, सँड डॅम म्हणतात त्याला, किटुईभर दिसतील. आणि मुकाऊची झाडं लावलीत, हजारोंनी. मुकाऊ हे इथलंच, दुष्काळात तगणारं, महोगनीच्या तोडीचं लाकूड देणारं झाड, पंधरा-वीस वर्षांत कापायला येतं. देणग्या आज आहेत उद्या नाहीत, लाकूड विकून गाव चालावं असा विचार त्यामागे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मुलांना बघून नाही, ती झाडांची रांग बघून आलं, कारण कुणीतरी वीस वर्षं पुढचा विचार केला होता.

आणि तो विचार किती बरोबर होता ते २०२५ च्या जानेवारीत कळलं. अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली. केनियातली एचआयव्हीची औषधं, तपासण्या, वस्तीत फिरणाऱ्या वर्करचे पगार, यातला फार मोठा भाग २००३ पासून पेपफार या अमेरिकन सरकारच्या एचआयव्ही मदत योजनेच्या पैशावर चालत होता. आमच्या धंद्यात त्या आठवड्यांत फोन थांबत नव्हते, गोदामात माल आहे पण हलवायचा कुणी, अशी अवस्था. नंतर जीव वाचवणाऱ्या औषधांना सूट मिळाली, पण गोळीला सूट मिळाली म्हणून ती गोळी घरी जाऊन विचारणाऱ्या बाईला पगार मिळतो असं नाही. मी आधी सांगितलेली ती तासाभराची दुपार, तीच आधी कापली जाते. त्यामुळे आत्ता या घडीला लिआ टोटोसारख्या कामाला सुट्या, नियमित, गाजावाजा न करता येणाऱ्या छोट्या देणग्यांची जेवढी गरज आहे तेवढी मी इथे आल्यापासून कधी बघितली नव्हती.

अजून एक. केनिया सरकारचं धोरण आता मुलांना संस्थेतून कुटुंबाकडे न्यायचं आहे, नवीन अनाथाश्रमांना २०१७ पासून परवानगी बंद आहे, २०२२ च्या बालकायद्यात आणि केअर रिफॉर्मच्या, म्हणजे मुलांच्या सांभाळाची पद्धत बदलण्याच्या, दहा वर्षांच्या आराखड्यात तेच आहे. मला हे धोरण बरोबर वाटतं. पण जिथे खरंच कुणी नाही, किंवा नातेवाइकांनी मुलाला गोठ्यात झोपवलंय, तिथे कॅरनसारखं घर लागणारच, ते बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी त्या मुलासाठी दुसरा दरवाजा दाखवावा.

तर आता काय करायचं ते. आधी फोन करून वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका, रविवारी गर्दी करून तर नकोच, मुलांचा अभ्यास, औषधं, खेळ सगळ्याचा विचका होतो. जुने कपडे गोळा करून नेऊ नका. पैसे एमपेसाने, म्हणजे मोबाइलवरून, किंवा बँकेतून थेट संस्थेच्या नावावर द्या आणि सोबत स्पष्ट लिहा की हे लिआ टोटोसाठी, नाहीतर होमसाठी, नाहीतर व्हिलेजसाठी, पावती मागा. एकदाच वीस हजार शिलिंग देण्यापेक्षा दरमहा दोन हजार बांधून घ्या, त्यांना महिन्याचा पगार काढायचा असतो. कुणी डॉक्टर, फार्मासिस्ट, अकाउंटंट, शिक्षक असाल तर वेळ देऊ का ते विचारा, पण सलग सहा महिने जमणार असेल तरच, मुलांना येऊन-जाऊन करणाऱ्या काका-काकूंची सवय लावू नका. आणि किटुईला जायचं असेल तर नैरोबीहून पहाटे निघा, माचाकोसपर्यंत ट्रक फार असतात, पाणी भरपूर घ्या, आणि आज्यांनी विणलेल्या सायझलच्या, म्हणजे घायपाताच्या धाग्याच्या, टोपल्या मिळाल्या तर घासाघीस न करता सांगतील त्या भावाने घ्या.